११ केव्हीच्या लाइनला लागलेली फांदी काढताना : माझा अनुभव

परसातल्या झाडाची एक फांदी वाढत वाढत वरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाइनपर्यंत पोहोचली होती. वारा सुटला की वरून चरचर ऐकू यायची, आणि टोकाची पानं करपलेली खालूनही दिसत होती. फांदी जेमतेम मनगटाएवढी. शेजारचे काका म्हणाले, "बांबूला कोयता बांध, दोन घावांत खाली येईल." मी त्यांना हात जोडून थांबवलं.

घरातल्या वायरीला असतं तसं आवरण या तारांना नसतं. उघडं ॲल्युमिनियम, आणि भोवतालची हवा हेच काय ते संरक्षण. पक्षी निवांत बसतात म्हणून पुष्कळांना वाटतं, तारेवर काहीतरी लेप असणार. पक्षी एकाच तारेवर असतो, दुसऱ्या कशालाही टेकलेला नसतो, म्हणून त्याच्यातून करंट पुढे जायला वाट नसते. आपले पाय मात्र जमिनीवर असतात. हिरवी फांदी, दमट बांबू, ॲल्युमिनियमची शिडी यांतलं काहीही ती वाट होऊ शकतं. काकांचा भरवसा घरातल्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर होता. तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटतो हे खरं, पण घराच्या आतल्या वायरिंगपुरता. बाहेरच्या लाइनवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि १०० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहावा भाग छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते.

मी वीज कार्यालयात लेखी अर्ज दिला. दुरूनच काढलेले फोटो आणि खांबावर रंगवलेला नंबर सोबत जोडला. उत्तर आलं की झाड खाजगी जागेतलं आहे, तुम्हीच तोडून घ्या. मी पुन्हा लिहिलं : तोडायला माणूस आम्ही आणतो, पण लाइनचा शटडाऊन, म्हणजे कामापुरती वीज बंद, तुमच्याशिवाय कोण देणार? या दुसऱ्या अर्जावर तारीख मिळाली. अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की मागणी 'फांदी तोडा' अशी न करता 'या खांबापासून त्या खांबापर्यंत शटडाऊन द्या' अशी करावी. मग टोलवाटोलवीला जागा राहत नाही.

मधले दिवस मात्र जिवाला घोर होता. फांदीच्या ओढीनं तार तुटली तर? परसाच्या त्या भागाला दोरी लावली आणि घरातल्यांना, शेजाऱ्यांना बसवून समजावलं. पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर लांब राहायचं. ठिणग्या उडत नाहीत म्हणजे ती बंद आहे असं समजायचं नाही, कारण ब्रेकर (बिघाड झाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) पडल्यावर लाइन बऱ्याचदा पुन्हा चालू करून पाहिली जाते. तार पडते तिथून करंट जमिनीत पसरतो. जवळ व्होल्टेज जास्त, लांब कमी. माणूस ढांग टाकतो तेव्हा एक पाय जास्त व्होल्टेजवर आणि दुसरा कमी व्होल्टेजवर पडतो, आणि करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. म्हणून तार जवळच पडली तर पळायचं नाही. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, इंचाइंचानं सरकत लांब जायचं. मुलांकडून हे अंगणात प्रत्यक्ष करून घेतलं. गाडीवर तार पडली तर आतच बसून राहायचं, हेही सांगितलं. गाडीला आग लागली तरच उतरायचं, आणि तेही दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारून. एकाच वेळी गाडीला आणि जमिनीला अंग लागता कामा नये.

ठरलेल्या दिवशी लाइनमन आले. झाडतोड्या कोयता घेऊन खोडाशी तयारच होता. लाइनमन त्याला म्हणाले, "दादा, मी सांगेपर्यंत झाडाला हात नाही." उपकेंद्राला फोन करून त्यांनी फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या या लाइनचं नाव सांगितलं आणि समोरच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. मग खांबावरचा एबी स्विच (लाइन तोडणारा, उघड्या पात्यांचा स्विच) उघडला, हँडलला कुलूप घातलं, पाटी लावली, आणि मान वर करून तिन्ही पाती सुटल्याची खात्री केली.

"आता बंदच आहे ना?" झाडतोड्यानं विचारलं. "अजून नाही," एवढंच म्हणून ते शेजारी कुणाकडे जनरेटर आहे का याची चौकशी करायला गेले. मला याचं कारण ठाऊक नव्हतं, परत आल्यावर त्यांनी ते नीट समजावलं. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच घराला जोडणारा) न बसवता कुणी जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर ती वीज उलटी डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या खांबांपर्यंत जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे कमी व्होल्टेजचे पुन्हा ११ हजार व्होल्ट होतात आणि बंद केलेल्या लाइनवर उभे राहतात. लाइनवर काम करणारी माणसं अशानं प्राणाला मुकली आहेत. आमच्याकडे बंद लाइनचा धोका क्वचितच कुणाच्या ध्यानी येतो, मला ते फार लागलं.

मग लांब काठीच्या टोकाचा डिटेक्टर काढला. आधी बटण दाबून तोच नीट चालतो ना हे पाहिलं, मग एकेका तारेजवळ नेला. तो गप्प राहिल्यावरही काम सुरू झालं नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना आर्थिंग, म्हणजे तारा जमिनीशी जोडणारी वायर लावायची होती. वायरचं खालचं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला आधी घट्ट केलं, मगच वरचे आकडे तारांवर अडकवले. काढताना क्रम बरोबर उलटा : आधी वरचे, शेवटी जमिनीचं. चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसाकडे न येता जमिनीत जावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

एवढं झाल्यावर ते झाडतोड्याला म्हणाले, "आता चढा."

तोडणी पटकन उरकली. फांदी दोराला बांधून टोकाकडून तुकड्यातुकड्यानं उतरवली. करपलेलं टोक खाली आलं तेव्हा सालीवर बोटभर लांबीची कोळशासारखी काळी रेघ होती. लाइन चालू करण्याआधी लाइनमननी सगळ्यांना खाली बोलावून माणसं मोजली, कोयता-दोर परत आल्याचं पाहिलं, आर्थिंग काढलं आणि मग उपकेंद्राला फोन लावला.

जाता जाता त्यांनी खांबावरून आमच्या घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरकडे बोट दाखवलं. तिला आवरण आहे, पण झाडाची दुसरी एक फांदी तिच्यावर घासून ते एका जागी सोललं गेलंय. त्यासाठीचा अर्ज मी त्याच दिवशी दिला आहे. तारीख मिळेपर्यंत परसातली दोरी तशीच राहील.