ठेंगणी सोनेरी मोरपंखी लावताना

वाटेच्या वळणावर बारा महिने पान धरणारं, पण वाट न अडवणारं झाड हवं होतं. साधी मोरपंखी बघता बघता डोक्याच्या वर जाते, म्हणून तिचा ठेंगणा प्रकार, 'ऑरिया नाना', निवडला. हा अंड्याच्या आकारात गच्च भरतो आणि बरीच वर्षं कमरेएवढाच राहतो. नर्सरीच्या पाटीवर बहुतेक वेळा 'थुजा' लिहिलेलं असतं. शास्त्रीय नाव १९४९ पासून प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस आहे, पण झाड तेच.

रोप घेताना मी बाहेरचा रंग फारसा पाहिला नाही. फांद्या हाताने बाजूला करून आत डोकावले. खोडाजवळची जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, ते नैसर्गिकच आहे. फांद्यांची टोकं मात्र तजेलदार हवीत. मग पिशवीतून मुळं पाहिली. पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात, म्हणून लावताना ती बोटांनी मोकळी केली.

जागा निवडली ती दिवसाचा बराच वेळ ऊन मिळणारी. सावलीत हा सोनेरी रंग उतरतो, झाड हिरवट आणि विरळ होतं. माती चिकट असल्यामुळे खड्ड्यात नुसती खत-वाळू भरली नाही, कारण अशा खड्ड्यात पाणी तुंबतं. त्याऐवजी सगळा वाफाच उंच केला आणि मुळांच्या गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या किंचित वर ठेवला. आच्छादन घातलं, पण खोडापासून चार बोटं लांब.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं ते पाण्याकडे. गुलाब किंवा जास्वंद तहानली की लगेच मान टाकते. मोरपंखी तसं काही दाखवत नाही. मुळं सुकली किंवा कुजली तरी पानं कितीतरी दिवस ताजी दिसतात, आणि ती तपकिरी होतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून झाडाकडे न बघता मातीत बोट घालून बघायचं. बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं की सावकाश, भरपूर पाणी.

कोरड्या उन्हाळ्यात पानांची चमक गेली, बारीक धुळकट जाळं दिसलं. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले! लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पाण्याची जोरदार धार झाडाच्या आतपर्यंत मारली आणि काही दिवसांच्या अंतराने तेच पुन्हा करत राहिले. औषध लागलं नाही.

कात्रीचं काम इथे जवळजवळ नसतंच. फक्त हिरवी टोकं हलकेच छाटावीत. उघड्या, जुन्या लाकडापर्यंत छाटलं तर ती पोकळी सहसा भरत नाही. थंडीत सोनेरी रंग तांबूस होतो. त्याला रोग समजून फवारणी करू नका, वसंतात नवी पालवी पिवळीधमक येते.

आता फांद्यांवर निळसर, शिंगं असलेली छोटी फळं धरली आहेत. बियांपासून ठेंगणंच झाड येईल याची खात्री नसते, त्यामुळे रोपं करायला मी टोकाच्या फांद्यांचे छाट ओल्या वाळूत खोचले आहेत. मुळं धरायला महिने लागतात. तोवर ओढून बघायचं नाही.