सहापैकी सहा

केज तालुक्यातील माझ्या आत्याने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे हे सारे तिला कोणाच्याही आधारावाचून जमते. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली मांडलेल्या, रोजच्या कामांतील स्वावलंबन मोजणाऱ्या निर्देशांकानुसार तिला सहापैकी सहा गुण मिळतात. तिची सूनही सांगते, ‘आत्याबाई ठणठणीत आहेत.’ ते खरेच आहे, आणि म्हणूनच दसऱ्यानंतर मुलगा-सून ऊसतोडीला गेले की तीन नातवंडे, दोन शेळ्या आणि पाणी भरणे हे सारे तिच्यावर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जीवनमानाची गुणवत्ता म्हणजे आपली संस्कृती, मूल्ये आणि अपेक्षा यांच्या संदर्भात माणसाला स्वतःचे जगणे कसे वाटते ते. त्यामुळे सुनेने किंवा डॉक्टरांनी दिलेले उत्तर येथे पुरत नाही. याच संघटनेची वृद्धांसाठी २४ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तीत ज्ञानेंद्रियांची क्षमता, स्वायत्तता, आयुष्यातील कामगिरीविषयीचे समाधान, सामाजिक सहभाग, मृत्यू आणि जिव्हाळा असे सहा विभाग येतात. मागच्या पौषात, घरात दुसरे कोणी नसताना, मी ते प्रश्न तिला आमच्या बोलीत विचारले.

मनासारखे ठरवता येते का, यावर ती बराच वेळ गप्प राहिली. ‘कार्तिकीला पंढरपूरला जायचं होतं. लेकरं कुणापाशी ठेवू?’ पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. तिची अडचण तिकिटाची नव्हतीच. जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर मात्र तिने पाचपैकी पाच सांगितले, आणि तेही याच लेकरांमुळे. या दोन उत्तरांची बेरीज करून सरासरी काढली, तर तिचे सुखही हरवते आणि तिची अडवणूकही. म्हणून प्रत्येक विभागाचे गुण वेगळेच वाचावेत, असे माझे ठाम मत झाले आहे.

मृत्यूविषयीचे प्रश्न विचारताना अडखळलो तो मी. मरण कसे येईल याची काळजी वाटते का, एवढे कसेबसे विचारले. ती शांतपणे म्हणाली, ‘मरणाचं भ्या न्हाई बाबा. पोरं फडावर असताना येऊ नये, एवढंच.’ गुणांच्या रकान्यात मी ‘४’ लिहिले आणि समासात तिचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.