रटलंड: घोड्याचे नाल आणि हट्टी आजोबा

इंग्लंडमधली रटलंड ही छोटीशी काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, बघायला एक दिवस पुरतो असं लेस्टरच्या मैत्रिणीने सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. क्षेत्रफळ जेमतेम 382 चौरस किलोमीटर. शहरं म्हणावीत अशी दोनच, ओकम आणि अपिंगहॅम. मधोमध तलाव, 1970 च्या दशकात ग्वॉश नदी अडवून केलेला. नेदर हॅम्बलटन गाव त्यात गेलं. नॉर्मंटनचं चर्च लोकांनी ओरड केली म्हणून वाचलं. खालचा भाग दगडांनी भरून जमीन वर उचलली. आता तिथे लग्नं लागतात. फोटोवाल्यांची अशी झुंबड होती की मी लगेच काढता पाय घेतला.

रमलो ते ओकमच्या किल्ल्यात. किल्ला कसला, बाराव्या शतकातला दगडी दिवाणखाना तेवढा उरलाय. पण भिंतीभर घोड्याचे नाल, दोनशेहून जास्त! उमराव पहिल्यांदा ओकमला आला की त्याने नाल द्यायचा, हा इथला रिवाज. काही परातीएवढे, वर मुकुट, खाली नाव. राणी एलिझाबेथनेही 1967 साली दिलाय. सगळ्यांची टोकं खाली, म्हणजे सैतानाला आत बसायला जागा नको!

दाराशी बसलेले आजोबा बोलके निघाले. 1974 साली रटलंड काउंटी म्हणून मोडीत काढली आणि लेस्टरशरचा एक तालुकावजा भाग करून टाकली, हे सांगताना त्यांचा आवाज अजून चढत होता. 1 एप्रिल 1997 ला कारभार परत हातात आला. तेव्हापासून शाळा, रस्ते, कचरा, वाचनालय, सगळं एकाच कौन्सिलकडे. "पण पोलीस अजून लेस्टरशरचेच ना?" मी मुद्दाम डिवचलं. "अग्निशमनसुद्धा," ते म्हणाले, "आणि पोस्टकोडही लेस्टरचाच. पण मी पत्त्यात रटलंडच लिहितो."

मला वाटलं, चाळीसेक हजार वस्तीसाठी वेगळं कौन्सिल म्हणजे हौसच. लंडनच्या सरकारलाही तसंच वाटत असावं. डिसेंबर 2024 च्या श्वेतपत्रिकेत अशा कौन्सिलसाठी पाच लाख किंवा जास्त वस्तीचा दंडक सुचवलाय. तो विषय काढला मात्र, आजोबा ताडकन उठले. "पुन्हा लेस्टर?" एवढं म्हणून त्यांनी जी सरबत्ती सुरू केली, त्यात माझी परतीची गाडी गेली. पुढची येईपर्यंत फलाटावर चहासुद्धा मिळाला नाही.