रीडिंग थांबलं आणि आक्षेपांची यादी रिकामी आली

पाइपलाइनचा एखादा भाग दुरुस्तीसाठी उघडू द्यायचा की नाही, हे ठरवणाऱ्या नियमसंचाची चाचणी चालू होती. व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री नसेल तर आक्षेप नोंदवायचा आणि परवानगी नाकारायची, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी मी व्हॉल्व्हच्या सेन्सरची वायर मुद्दाम काढली. रीडिंग थांबलं, आणि स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. एकही आक्षेप नाही.

नियम क्लिंगो या सॉल्व्हरसाठी, म्हणजे दिलेल्या नियमांत आणि माहितीत बसणारी उत्तरं शोधणाऱ्या प्रोग्रामसाठी, लिहिलेले होते. तो हाताने चालवला तेव्हा उत्तर आलं ‘अनसॅटिसफायेबल’, एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) २०. म्हणजे त्या नियमांना आणि त्या माहितीला धरून एकही सुसंगत समजूत बांधता येत नव्हती. क्लिंगोला चालवून परवानगी ठरवणारा वरचा प्रोग्राम मात्र फक्त आक्षेपांची यादी वाचत होता. उत्तरच नाही, म्हणून यादी रिकामी, आणि रिकामी यादी म्हणजे हरकत नाही असं त्याने धरलं. हा दोष धोकादायकच, पण तो दुरुस्त करणं सोपं होतं: कोड २० आला की परवानगी नाही. खरा प्रश्न होता, सॉल्व्हर अडला कुठे?

अशा वेळी नियमांना हात लावण्याआधी माहितीची एकेक ओळ काढून बघावी. ‘रीडिंग येत नाही’ ही ओळ काढताच उत्तर परत आलं. मग त्या ओळीला जोडलेले नियम कागदावर घेतले. दोनच होते.

पहिला: सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं माहीत नसेल, तर सेन्सर चालू आहे.
दुसरा: सेन्सर चालू आहे आणि तरी रीडिंग येत नाही, तर सेन्सरमध्ये बिघाड आहे.

वाचताना दोन्ही पटतात, आणि तपासणीत ते निसटले ते त्यामुळेच. पहिल्या नियमात ‘माहीत नसेल’ऐवजी साधं ‘नसेल’ वाचा. बिघाड नसेल तर सेन्सर चालू, चालू असून रीडिंग नाही म्हणून बिघाड. ‘बिघाड नाही’ हे गृहीतक स्वतःलाच खोडतं, तेव्हा बिघाड आहे. साध्या तर्कशास्त्रात उत्तर निघतं आणि ते बरोबरही आहे. तपासणारा माणूस नकळत असंच वाचतो.

पण ‘माहीत नसेल’ हे विधान व्हॉल्व्हबद्दल किंवा सेन्सरबद्दल नसतं, यंत्रणेच्या स्वतःच्या समजुतींबद्दल असतं. बिघाड माहीत नाही असं धरलं, तर पहिल्या नियमाने सेन्सर चालू ठरतो, दुसऱ्याने बिघाड सिद्ध होतो, म्हणजे तो माहीत आहे. बरं, बिघाड माहीत आहे असं धरलं, तर पहिला नियम लागूच होत नाही, सेन्सर चालू असल्याचं कुठूनच निघत नाही, दुसराही लागू होत नाही, आणि बिघाडाला आधारच उरत नाही. दोन्हीकडून वाट बंद.

रॉबर्ट मूर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ऑटोएपिस्टेमिक लॉजिकमध्ये, म्हणजे स्वतःच्या समजुतींबद्दल विचार करण्याच्या तर्कशास्त्रात, हे अगदी नेमकं सांगता येतं. समजुतींचा संच स्थिर म्हणायचा तर त्यातली प्रत्येक गोष्ट मूळ माहितीतून, आणि ‘मला काय माहीत आहे, काय माहीत नाही’ या विधानांतून निघाली पाहिजे. शिवाय जे निघतं ते सगळं त्या संचात असलं पाहिजे. ‘क माहीत नसेल, तर क खरं’ एवढंच गृहीतक दिलं, तर असा एकही संच मिळत नाही. आमचे दोन नियम, रीडिंग थांबल्यावर, आकसून नेमके याच वाक्यावर येत होते. गेलफाँड आणि लिफशित्झ यांच्या १९८८ च्या स्थिर मॉडेलांमध्येही, म्हणजे क्लिंगो ज्यावर उभा आहे त्या पायावर, निकाल तोच. (क्लिंगोचं प्रत्येक उत्तर म्हणजे असं एक स्थिर मॉडेल.)

शोधायची पद्धत यांत्रिक आहे. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे याचे बाण काढा, ‘माहीत नसेल’ असलेल्या बाणांवर खूण करा, आणि प्रत्येक चक्रातल्या खुणा मोजा. विषम आल्या तर संशय घ्या. सम (शून्य सोडून) आल्या तर एकाहून अधिक उत्तरं येऊ शकतात, आणि क्लिंगो सांगितल्याशिवाय एकच दाखवतो. सगळी हवी असतील तर आदेशात ० द्यावा लागतो. सुरक्षेच्या निर्णयाला माझ्या मते ‘कॉशस’ मोडच हवा, म्हणजे सगळ्या उत्तरांत खरं ठरेल तेवढंच धरायचं, आणि व्हॉल्व्ह बंद असल्याचं तसं ठरलं तरच परवानगी द्यायची. विषम चक्र दर वेळी नडतं असंही नाही. आधीच्या चाचण्यांत बिघाडाचा संकेत थेट माहिती म्हणून दिला जायचा. त्यामुळे बिघाडाला बाहेरून आधार मिळायचा आणि चक्र गप्प राहायचं.

दुसऱ्या नियमातून ‘सेन्सर चालू आहे’ ही अट काढली: रीडिंग येत नाही, तर बिघाड. चक्र तुटलं, आणि ‘माहीत नसेल’मधून फिरणारं चक्र नसलं की स्थिर मॉडेल एकच मिळतं.

मग तिसऱ्या नियमाकडे वळलो: व्हॉल्व्ह उघडा असल्याचं माहीत नसेल, तर तो बंद आहे. मूर यांचं उदाहरण इथे जसंच्या तसं लागू पडतं: मला मोठा भाऊ असता तर मला ते माहीत असतं; माहीत नाही, म्हणून भाऊ नाही. हा युक्तिवाद पहिल्या अर्ध्या वाक्यावर उभा आहे. व्हॉल्व्हच्या बाबतीत ‘उघडा असता तर कळलं असतं’ हे सेन्सर जिवंत असतानाच खरं. म्हणून नियमात सेन्सर चालू असल्याची अट घातली, आणि उघडा, बंद, अज्ञात अशा तीन वेगळ्या अवस्था केल्या. अज्ञात असेल तरी आक्षेप.

सेन्सर चालू आहे हे मात्र यंत्रणेने स्वतःच्या समजुतीवरून ठरवता कामा नये. ‘चालू समजतो, म्हणून चालू’ अशा नियमाला मूर यांच्या मांडणीत दोन स्थिर संच मिळतात, आणि त्यातल्या एकात ती समजूत स्वतःच्याच आधारावर उभी असते. क्लिंगो असा निराधार संच टाकून देतो. तरीही शेवटच्या रीडिंगची वेळ बाहेरून माहिती म्हणून येऊ दिली, आणि ती किती शिळी चालेल हा आकडा सेन्सरच्या माहितीपत्रकावरून घेतला. पुन्हा वायर काढली तेव्हा यादीत दोन ओळी आल्या: सेन्सरमध्ये बिघाड, व्हॉल्व्हची स्थिती अज्ञात.