मेळाव-२, मेळाव-३ आणि माझी तीन प्लगइन

मंडळी, पुढच्या रिलीजआधी काय झालं, काय राहिलं आणि काय मुद्दाम सोडून दिलं, त्याची ही नोंद. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिवसा सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम आणि रात्री जेवणं उरकली की वर्डप्रेसची (साइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) तीन छोटी प्लगइन, म्हणजे जोडपुरवण्या, सांभाळायची, असा माझा छंद. एक देवनागरी स्लग (लेखाच्या वेब-पत्त्यातला शीर्षकाचा भाग) नीट करतं, एक आकडे मराठी पद्धतीनं दाखवतं, एक शोध सुधारतं. तिन्हींच्या पोटात एकच सामायिक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, आहे. देवनागरी मजकूर मोजणं, कापणं आणि एकसारखा करणं, एवढंच तिचं काम. सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं. वापरणारे बहुतेक आपल्याच भागातले: शेतकरी गट, वाचनालयं, दोन-चार शाळा, एक मिसळवाला.

या खेपेला सगळ्यात जास्त वेळ स्लगनं खाल्ला, म्हणून आधी तेच.

वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाचा स्लग ज्या रकान्यात जातो त्याची लांबी २०० आहे. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइटचं, आणि पत्त्यात शिरताना दर बाइटचं टक्क्याच्या खुणेसकट ३ जागांचं रूप होतं. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. त्यात चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर तोही वेगळा. 'नाशिक' लिहिलं की ५ चिन्हं, ४५ जागा गेल्या. एकूण २२ चिन्हांत संसार करायचा.

पिंपळगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार गटाचे मेळावे गावोगाव होतात. शीर्षकं अशी: 'द्राक्ष बागायतदार मेळावा पिंपळगाव', 'द्राक्ष बागायतदार मेळावा ओझर', 'द्राक्ष बागायतदार मेळावा दिंडोरी'. आता मोजा. द्राक्ष ७, बागायतदार ९, मेळावा ६. झाली २२ चिन्हं, म्हणजे १९८ जागा, आणि मधल्या दोन आडव्या रेघांच्या २. बरोब्बर २००! गावाच्या नावाला उभं राहायलाही जागा नाही. पहिल्या मेळाव्याला निदान पूर्ण शब्दांचा पत्ता मिळतो. दुसऱ्याचा पत्ता तोच निघतो, म्हणून वर्डप्रेस शेवटी रेघ आणि २ जोडतं, आणि त्या दोन जागा मिळवायला आधीचा काना उडवतं. पत्ता होतो 'मेळाव-२'. मग 'मेळाव-३'. गटाचे सचिव फोनवर म्हणाले, "दादा, ग्रुपवर लिंक टाकली की ती कुठल्या गावची ते माझं मलाच कळत नाही, लोकांचं काय घेऊन बसलात."

दुसरं उदाहरण मी टेस्टमध्ये कायमचं घालून ठेवलंय. २०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून लॉजवाले, टॅक्सीवाले, पुरोहित मंडळी साइट बनवायला लागलीत, आणि 'नाशिक त्र्यंबकेश्वर सिंहस्थ कुंभमेळा' हे शीर्षक दर दुसऱ्या पानावर असणार. याचा स्लग होतो 'नाशिक-त्र्यंबकेश्वर-सिंह'. ५ अधिक १३ अधिक ४ चिन्हं, दोन रेघा, २०० पूर्ण. कुंभमेळा गेला आणि सिंह उरला!

उपाय काय? रकाना मोठा करायचा, ही सूचना दर वेळी कोणीतरी करतंच. वर्डप्रेसच्या मूळ टेबलाला हात लावायचा नाही, यावर मी ठाम आहे. उद्या अपडेट आलं आणि काही बिघडलं तर त्या सचिवांच्या साइटवर निस्तरायला कोण जाणार? शिवाय २०० चा आकडा टेबलापुरता नाही, स्लग तयार करणाऱ्या फंक्शनमध्येही लिहिलेला आहे. दुसरा मार्ग रोमन लिपीचा. तो सेटिंगमध्ये दिलाय, पण आपोआप चालू होत नाही. ट आणि त, ण आणि न तिथे एकाच खुंटीला बांधले जातात आणि वेगळे शब्द एक होऊन बसतात.

म्हणून आता असं केलंय. वर्डप्रेसचं स्वतःचं फंक्शन शीर्षक साफ करायच्या फिल्टरवर (मजकूर जिथून गाळून पुढे जातो त्या टप्प्यावर) १० व्या प्राधान्याला बसतं. आपण ९ ला, म्हणजे त्याच्या आधी, बसायचं, २०० चा हिशेब आधीच मांडायचा आणि कापायची वेळ आली तर शब्दाच्या सीमेवर कापायचं. शीर्षक मावतच नसेल तर शेवटचा शब्द ठेवायचा आणि मधला गाळायचा, कारण आपल्या शीर्षकांत गाव किंवा वर्ष बहुधा शेवटी येतं. 'द्राक्ष-मेळावा-पिंपळगाव' असा पत्ता मिळतो आणि १९१ जागा लागतात. मधला कुठला शब्द गाळायचा याचा नियम अजून ओबडधोबड आहे: सगळ्यात लांब तो गाळायचा. त्यावर वाद घालायला माझी ना नाही.

हे करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. हा फिल्टर फक्त लेख साठवताना चालत नाही, शोधताना आणि इतर ठिकाणीही चालतो. म्हणून संदर्भ 'सेव्ह' असेल तरच हात लावायचा. आणि लेख पुन्हा साठवला की आधीच टक्क्यांच्या रूपात गेलेला स्लग परत फिल्टरमधून येतो, तो ओळखून जसाच्या तसा सोडायचा. प्रकाशित झालेले जुने पत्ते प्लगइन आपणहून बदलत नाही. कोणी हातानं बदललाच, तर वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं, तेवढं पुरे.

आता लायब्ररी. तिन्ही प्लगइन एकाच साइटवर असली आणि प्रत्येकाच्या फोल्डरात लायब्ररीची वेगळी आवृत्ती असली तर काय होतं, हे यातल्या जुन्या खेळाडूंना सांगायला नको. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीमध्ये एकाच नावाचा क्लास (कोडचा नाव दिलेला तुकडा) दोनदा जाहीर करता येत नाही, साइट पांढरी पडते. म्हणून सगळे 'हा क्लास आहे का' असं आधी विचारून घेतात. त्यानं पांढरी साइट टळते, पण जो आधी लोड झाला तो जिंकतो. वर्डप्रेस चालू प्लगइनची यादी फोल्डरच्या नावानुसार वर्णक्रमे लावून ठेवतं आणि त्याच क्रमानं लोड करतं. म्हणजे कोणती आवृत्ती चालणार हे फोल्डरचं पहिलं अक्षर ठरवतं! कंपोजर या पॅकेज आणणाऱ्या साधनानं लोड होणाऱ्या नुसत्या फंक्शनच्या फायलींचंही तेच: पॅकेजचं नाव आणि फाइलचा मार्ग यांवरून एकच खूण तयार होते, आणि पहिली आली की दुसरी वाचलीच जात नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. उन्हाळ्यात एका साइटवरून 'अनडिफाइन्ड मेथड'ची, म्हणजे मागितलेलं फंक्शनच नसल्याची, चूक आली. शोधता शोधता कळलं की तिथल्या भलत्याच एका प्लगइनच्या पोटात आमच्या लायब्ररीची जुनी प्रत होती. जीपीएल आहे, घ्यायची पूर्ण मुभा, उलट मला बरंच वाटलं. पण ती आधी लोड होत होती.

तीन वाटा तपासल्या. २०२४ च्या ६.५ पासून वर्डप्रेसमध्ये 'रिक्वायर्स प्लगइन्स' ही ओळ लिहिता येते, म्हणजे लायब्ररीचं चौथं प्लगइन करून बाकीच्यांना त्यावर अवलंबून ठेवता येईल. पण त्या ओळीत आवृत्ती मागता येत नाही, आणि दुखणं नेमकं आवृत्तीचंच आहे. शिवाय ज्या वाचनालयातल्या ताईंना मी एक प्लगइन टाका म्हणून कसंबसं पटवलं, त्यांना आता दुसरं टाका म्हणायचं? दुसरी वाट ॲक्शन शेड्यूलर या वर्डप्रेसच्या एका लायब्ररीची: प्रत्येक प्रत आपली आवृत्ती नोंदवते आणि सगळ्यांत नवी असेल ती चालते. देखणी रचना आहे, पण ती चालायची तर जुन्या मेथड कायम तशाच ठेवायचं वचन पाळावं लागतं. तेवढी माणसं माझ्याकडे नाहीत. मी तिसरी घेतली. रिलीज बांधताना स्ट्रॉस हे साधन लायब्ररीच्या नेमस्पेसला (कोडच्या आडनावाला म्हणा) त्या त्या प्लगइनचा उपसर्ग लावतं. प्रत्येकाच्या घरात आपली वेगळी चूल. थोडे किलोबाइट वाया जातात, जाऊ देत. तिन्हींपैकी दोन प्लगइन या पद्धतीवर आली आहेत, शोधाचं राहिलंय.

शोधाचं राहिलं, कारण तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्राचा, घोळ आहे. शब्द पकडायला सगळे सवयीनं बॅकस्लॅश-डब्ल्यू लिहितात. पीएचपीमध्ये युनिकोडची खूण लावली तरी त्यात अक्षरं आणि अंक येतात, पण काना आणि वेलांटी येत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती 'मार्क' या वर्गातली. 'नाशिक' शोधलं की न, श आणि क असे तीन शब्द हाती लागतात, आणि शोधलेला शब्द पिवळा करून दाखवणारं फंक्शन पानभर ठिपके मारत सुटतं. अक्षर, मार्क आणि अंक असे तिन्ही वर्ग आपण स्वतः लिहायचे, हाच इलाज. जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश-डब्ल्यूला देवनागरी मुळीच ठाऊक नाही.

शोधातला दुसरा काटा म्हणजे 'वाऱ्यावर'मधला र. कोणाचा कीबोर्ड नुक्त्याचा ऱ टाकतो, कोणाचा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना एकच, साठवलेले बाइट दोन तऱ्हेचे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केल्यानं हे मिटत नाही, ते जोडकाला हात लावत नाही. त्यासाठी लायब्ररीत वेगळा नियम लिहिलाय: शोधाच्या प्रतीत दोन्हींचं एकच रूप करायचं, मूळ लेख जसाच्या तसा. शेतकऱ्यांच्या साइटवर 'शेतकऱ्यांसाठी' हाच शब्द सापडत नसेल तर बाकी शोध काय कामाचा?

मोजणीबद्दल एक गंमत. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द पीएचपीला बाइटमध्ये विचारला तर ३९, चिन्हांत विचारला तर १३. ग्राफीममध्ये, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत, विचारला तर सर्व्हरवरची आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी जुनी असल्यास ८ आणि नवी असल्यास ५. २०२३ च्या युनिकोड १५.१ नं जोडाक्षर मध्येच न तोडण्याचा नियम आणला, त्याचा हा परिणाम. कान म्हणतो ५, त्यामुळे नवा नियम मला पटतो, पण स्वस्त होस्टिंगवर काय मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून टेस्टमध्ये आकडा तपासणं बंद केलं. आता फक्त एवढंच बघतो की कापलेला तुकडा हलन्तावर संपत नाही आणि पुढचा तुकडा मात्रेनं सुरू होत नाही.

आकड्यांच्या प्लगइनमध्ये विशेष काही नाही. पीएचपीचं इंटल हे भाषांचं एक्स्टेन्शन असेल तर त्यातलं मराठी लोकेल (भाषेची मांडणी) १,००,००० असे लाख पाडून देवनागरीत देतं. नसेल तर आमची दहा ओळींची हातगाडी. चालतंय.

तपासणीसाठी वर्डप्रेस प्लेग्राउंड वापरायला लागलोय आणि खूश आहे. ब्राउझरमध्येच पीएचपी चालतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर डॉकर या वेगळा सर्व्हर उभा करायच्या साधनानं पंखा किंचाळायचा तो त्रास गेला. तक्रार आली की पीएचपी आणि वर्डप्रेसची आवृत्ती निवडून तशीच साइट उभी करता येते. फक्त एक ध्यानात ठेवा: तिथे डेटाबेस मायएसक्यूएल नाही, एसक्यूलाइट आहे. कोलेशनमुळे (डेटाबेस अक्षरं कशी जुळवतो त्या नियमामुळे) शोधात येणारे घोळ तिथे दिसणारच नाहीत, त्यामुळे शोधाच्या टेस्ट अजून डॉकरवरच.

आता माणसांबद्दल. सिन्नरहून इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी टेस्ट लिहायला लागलीय. कऱ्हाडच्या एका सरांनी प्रश्नांची उत्तरं द्यायची तयारी दाखवली, त्यांना सपोर्टचा अधिकार दिला. याच काळात एका अनोळखी पत्त्यावरून स्लगचं प्लगइन विकत घ्यायची विचारणा आली, कोड न बघता. उत्तर दिलं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करायच्या साधनात सापडलेलं मागचं दार आठवतं ना? एकट्या, थकलेल्या सांभाळणाऱ्याचा विश्वास दोनेक वर्षं मदत करून कमावला आणि मग आत शिरले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांनी ते पकडलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये वर्डप्रेसच्या काही प्लगइनमध्येही चोरलेल्या पासवर्डनं कोड घुसवला गेला, आणि १ ऑक्टोबरपासून प्लगइन चढवणाऱ्यांना दुहेरी पडताळणी आणि एसव्हीएनसाठी (जिथे प्लगइन प्रत्यक्ष चढवतात ती जागा) वेगळा पासवर्ड सक्तीचा झाला. कटकट वाटली तरी चालू ठेवा. आमच्याकडे गिटहबवर कोणीही बदल सुचवू शकतं, पण एसव्हीएनवर टॅग मारायची, म्हणजे नवी आवृत्ती सोडायची, किल्ली सध्या माझ्याच हातात. दुसरी किल्ली कोणाला द्यायची, ते सिन्नरकरणीची परीक्षा संपली की तिच्याशी बोलून ठरवू.

सोडून दिलेलं: पंचांगाचं विजेट. दोन-तीन जणांची फर्माइश होती. तिथी काढायचं गणित स्वतः सांभाळायची माझी तयारी नाही आणि दुसऱ्याच्या सेवेवर अवलंबून राहायचं नाही. कोणी वेगळं प्लगइन म्हणून करत असेल तर आमच्या आकड्यांच्या प्लगइनमधला कोड खुशाल घ्या, फक्त उपसर्ग लावून घ्या.

स्लगचा बदल दिवाळी अंकांच्या आधी द्यायचाय, कारण अंकवाल्यांची शीर्षकं सगळ्यांत लांब आणि एकसारखी असतात. तोवर ज्यांच्याकडे मराठी साइट आहे त्यांनी एवढं करा: शीर्षकांची यादी काढा, शेवटी २ किंवा ३ लागलेले स्लग वेगळे करा आणि मूळ शीर्षकासकट मला पाठवा. लांब शब्द गाळायचा माझा नियम कुठे तोंडावर पडतो ते त्यावरूनच कळेल. संस्थेचं नाव खोडून पाठवलंत तरी चालेल.