तुम्ही विचारलंत म्हणून : फारशीचं दुसरं वर्ष

"फारशी? आनी तें कित्याक गो बाय?" म्हार्दोळच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानापाशी मावशीने विचारलं होतं. तिच्या मते शिकायचीच तर पोर्तुगीज शिकायची. आजोबांचे कागद वाचता आले असते, पासपोर्टाचंही बघता आलं असतं. तिला मी जे सांगितलं तेवढंच इथे सांगते. गोवा शहर पोर्तुगिजांनी १५१० साली घेतलं ते विजापूरच्या आदिलशहाकडून. आमच्या फोंड्यात तर विजापूरकर त्यानंतरही दीडशे वर्षं होते. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला १६७५ त, आणि पोर्तुगिजांच्या हाती फोंडा लागला थेट १७६३ त. पोर्तुगीज कागदांत हा आदिलखान 'इदालकांव' होऊन बसला आहे. त्याच्या बाजूने फारशीत काय लिहिलं जात होतं ते मला वाचायचं होतं.

मावशीचं समाधान झालं नाही, ते सोडा. हल्ली मला विचारतात ते वेगळंच. कुणीतरी हौसेने लिपी शिकलेलं असतं, पहिली परीक्षा पास झालेलं असतं आणि म्हणतं, "मॅडम, निम्मे शब्द तर मराठीतलेच निघाले. आता पुढचं वर्ष सोपं जाईल ना?"

नाही जाणार. आणि ते त्या निम्म्या शब्दांमुळेच.

पहिल्या वर्षी मीही असाच भाव खाल्ला होता. दिल्लीतल्या आमच्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच. फळ्यावर हजार आलं, शहर आलं, दरवाजा, बाजार, जमीन, कागद. माझा हात वरच. बाकीच्यांना उर्दूची पुण्याई होती, मला मामलेदार कचेरीची. दुसऱ्या वर्षी सलग गद्य हाती आलं आणि हेच शब्द उलटले. एका गोष्टीत कुणी 'गरीब' गावात येतो. मी बिनधास्त भाषांतर केलं, "एक गरीब माणूस आला." सरांनी विचारलं, "याच्याकडे पैसे नाहीत हे कुठे लिहिलंय? पुढच्याच ओळीत त्याचे उंट आहेत." फारशीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. 'मस्त' म्हणजे झिंगलेला. 'तमाशा करणं' म्हणजे नुसतं बघत राहणं, आपल्याकडे त्यासाठी निदान आरडाओरडा तरी करावा लागतो. आणि आपण ज्याला दिमाख म्हणतो तो तेहरानात गेला की नाक होतो. सगळ्यांत लागलं ते 'शिकस्त'. परीक्षेच्या निबंधात मला लिहायचं होतं की मी प्रयत्नांची शिकस्त केली. फारशीत शिकस्त म्हणजे पराभव. मार्क पाहता वाक्य खरंच होतं.

म्हणजे शब्द अनोळखी असला की आपण कोश उघडतो. ओळखीचा असला की उघडत नाही, आणि तिथेच फसतो. माझ्या वर्गातली एक कोरियन मुलगी प्रत्येक शब्द निमूटपणे कोशात बघायची. दुसऱ्या वर्षी ती माझ्या पुढे होती.

क्रियापदांत मात्र मराठीने मला तारलं. फारशी क्रियापदाला दोन मुळं असतात, एक वर्तमानाचं आणि एक भूतकाळाचं, आणि एकावरून दुसरं ओळखता येईलच असं नाही. वर्ग त्यांच्या याद्या घोकत होता. एक दिवस घोकताघोकता 'बस्तन', म्हणजे बांधणं, समोर आलं : वर्तमानाचं मूळ बंद, भूतकाळाचं बस्त. बंद-ओ-बस्त! गणपतीच्या दिवसांत पोलीस करतात तो बंदोबस्त म्हणजे एकाच क्रियापदाची दोन्ही मुळं 'ओ'ने, म्हणजे 'आणि'ने, जोडलेली. लग्नाचा 'बस्ता' त्याच क्रियापदाचा, बांधलेला गठ्ठा. म्हणजे 'बस्ता बांधणं' हे बांधलेलं पुन्हा बांधणं झालं. मग मी शोधतच सुटले. अर्जदारात 'दाश्तन'चं, म्हणजे बाळगण्याचं, वर्तमान (दार), तर अर्जदास्तीत त्याचाच भूतकाळ. कारकुनात 'कुन', म्हणजे कर. चिटणीस, फडणीस यांच्या शेपटीत 'नवीस', म्हणजे लिही. पारसनीस तर फारशी लिहिणाराच. त्या रात्री मी याद्या फेकून दिल्या.

जोडक्रियापदांत पुन्हा घसरगुंडी. मार आपणही खातो, पण फारशीत सर्दी झाली तर माणूस थंडी खातो, आणि पडला तर जमीन खातो. हे वाक्य गोव्यात बोलू नका. लोक आधी सर्व्हे नंबर विचारतील.

उच्चारांचा गोंधळ निराळाच. रोज, जोर, शेर ही आपण जपलेली रूपं जुन्या उच्चाराची आहेत. इराणात आज रूज, जूर, शीर म्हणतात. त्यामुळे तिथे 'शीर' म्हणजे दूधही, सिंहही आणि नळाची तोटीही. आम्हाला पहिल्या वर्षी जुन्या हिंदुस्थानी वळणाने शिकवलं आणि दुसऱ्या वर्षी नवे सर तेहरानचे उच्चार घेऊन आले. सहा महिने माझ्या तोंडात दोन्ही भांडत होती. कुणी विचारलं तर मी सांगते, बोलायचं असेल तर तेहरान, आदिलशाही कागद वाचायचे असतील तर जुनं वळण; पण काय ते आधी ठरवा.

आणि कागद वाचायचे असतील तर लिपी 'आली' असं म्हणू नका. छापील अक्षर आलं. ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. पण दोन शब्द जोडणारा 'ए'ही लिहीत नाहीत, कोह आणि नूर यांमधला तो 'चा' वाचणाऱ्याने आपल्या पदरचा घालायचा. त्यावर हाताची घाई : जोडू नयेत ती अक्षरं जोडलेली, नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले. या वळणाचं नाव शिकस्ता, म्हणजे मोडलेलं. आपली मोडीही मोडण्यावरूनच आली म्हणतात. मोडी येत असेल तर डोळा लवकर बसतो, हा माझा अनुभव.

दुसरं वर्ष संपवून घरी आले तर शेजारच्या काकांनी भिंतीवरची फ्रेम उतरवून हातात दिली. आदिलशहाने पणजोबांना दिलेली सनद. दोन संध्याकाळी घालवल्या, एक ओळ लागेना. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जागोजागी 'का', 'की', 'में' आहे. उर्दू! कुणा हकिमाचं औषधांचं बिल होतं, गुलकंदासकट. काकांनी ऐकून घेतलं आणि फ्रेम पुन्हा होती तिथेच लावली.

कोशाचं विचारता म्हणून सांगते : माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव जूलियनांचा, १९२५ सालचा फार्शी-मराठी कोश मिळवा. ते फारशीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे, आणि पुढे भाषाशुद्धीचे, म्हणजे मराठीतून परके शब्द काढून टाकण्याचे, कट्टर पुरस्कर्ते. पाहुण्यांची इतकी नेमकी यादी करून मग त्यांना दार दाखवणारा यजमान मला आवडतो, त्याचं म्हणणं पटत नसलं तरी. हा कोश ओळखीच्या शब्दांसाठी उघडा, अनोळखी शब्द तुम्ही बघालच.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर वर्तमानाचं मूळ, उजव्यावर भूतकाळाचं. पहिल्या ओळीत बंद आणि बस्त, दुसरीत दार आणि दाश्त, तिसरीत कुन आणि कर्द. पुढच्या ओळींसाठी गावातल्या आडनावांपासून सुरुवात केलीत तरी चालेल.