ट्यूना खातो तरी काय?

ट्यूनाची पोटं उघडून त्यात काय आहे ते बघणं हे माझं काम आहे, असं कळलं की समोरचा हमखास विचारतो, "मग तो नेमकं खातो काय?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन शब्दांत सांगायचं तर मासे, माकूल (म्हणजे स्क्विड) आणि कोळंबीच्या जातकुळीतले लहान जीव. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कोणता ट्यूना, किती वाढलेला, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती खोलीवर, हे सांगितल्याशिवाय त्या यादीला अर्थ नाही.

आधी पोटच बघू. लांबट, जाड भिंतीची पिशवी असते, आतून घड्याघड्यांची. नशीब चांगलं असेल तर वरचा मासा खवल्यांसकट अख्खा मिळतो. ट्यूनाचे दात बारीक असतात. तो भक्ष्य पकडतो आणि गिळतो, चावत बसत नाही. त्याच्याखाली करडा लगदा असतो. त्यातून पाण्याने हळूहळू धुऊन काढायचे ते माशांच्या कानातले खडे. प्रत्येक जातीच्या खड्याचा आकार वेगळा, त्यामुळे मांस विरघळून गेलं तरी मासा कोणता होता ते ओळखता येतं. आणि अगदी तळाशी माकुलांच्या चोची, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार, काळपट तपकिरी. त्या लवकर पचत नाहीत, साचत जातात. म्हणून नुसत्या चोची मोजल्या तर ट्यूना माकुलांवरच जगतो असं वाटेल. मऊ जीव काही तासांत नाहीसे होतात आणि हिशेबातून निसटतात. हे भान ठेवूनच पोट वाचावं लागतं.

आता थोडं त्याच्या शरीराविषयी, कारण खाण्याचं सगळं गणित तिथे आहे. ट्यूनाला कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी तोंड किंचित उघडं ठेवून सतत पोहावं लागतं. थांबला तर गुदमरेल. शिवाय त्याचं अंग गरम असतं. जॉन डेव्ही या ब्रिटिश डॉक्टरांनी 1835 साली नोंदवलं होतं की स्किपजॅक या ट्यूनाच्या जातीचं शरीर आसपासच्या पाण्यापेक्षा बरंच उबदार असतं. पोहणाऱ्या स्नायूंची उष्णता रक्तवाहिन्यांच्या एका दाट जाळीमुळे आतच राहते. ब्लूफिन या दुसऱ्या जातीत अशी सोय पोटाच्या अवयवांपाशीही आहे. तो जेवला की पचनामुळे पोट तापतं. शरीरात तापमापक बसवून सोडलेल्या ब्लूफिनच्या नोंदींत ही चढण स्पष्ट दिसते, आणि त्यावरून तो कधी जेवला आणि साधारण किती, याचा अंदाज बांधता येतो. पोट न फाडता! मला या कामाचं फार अप्रूप आहे.

असं खर्चिक शरीर घेऊन तो राहतो कुठे, तर खुल्या समुद्रात, जिथे मैलोन् मैल खायला जवळजवळ काही नसतं आणि मग अचानक एका जागी अन्नाची रेलचेल असते. अशा ठिकाणी चोखंदळपणा परवडत नाही. यलोफिन जातीच्या ट्यूनाच्या पोटात उडते मासे निघतात, पोहणारे खेकडे निघतात, कधी ट्यूनाचीच पिल्लं निघतात. ट्यूनाच्या अळ्या, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लंसुद्धा, कोपेपॉडसारख्या सूक्ष्म जिवांपासून सुरुवात करतात आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या माशांच्या अळ्यांवर येतात. त्यात भाऊबंद सुटत नाहीत.

तरीही सगळ्यांचं ताट सारखं नसतं. स्किपजॅकच्या कल्ल्यांच्या पहिल्या कमानीवर गाळणीचे पन्नासहून अधिक दाते असतात, यलोफिनला साधारण तीस. दाट गाळणीमुळे स्किपजॅकला क्रिलसारखं बारीक खाणंही परवडतं. बिगआय या जातीची तऱ्हा आणखी निराळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचा वेध घेणाऱ्या यंत्रावर, समुद्राचा एक खोटा तळ दिसायचा, दिवसा खोल आणि रात्री वर सरकणारा. तो होता लँटर्नफिश, माकुलं आणि कोळंबीसारख्या असंख्य जिवांचा थर. बिगआय दिवसा त्याच्या मागोमाग 300 ते 500 मीटरपर्यंत उतरतो. तिथल्या अंधुक उजेडात त्याचे मोठे डोळे कामी येतात. पाणी गार पडतं म्हणून मधूनच वर येऊन अंग तापवतो आणि पुन्हा बुडी मारतो. रात्री थर वर आला की तोही वर.

शिकार मात्र बहुतेकदा नजरेच्या जोरावर आणि जमावाने. मोठ्या ब्लूफिनचे थवे पुढून अंतर्वक्र अशा कमानीच्या आकारात पोहताना विमानातून टिपलेले आहेत. त्या खोबणीत भक्ष्य अडकत असावं. पूर्व पॅसिफिकच्या उष्ण भागात यलोफिन आणि डॉल्फिन एकत्र फिरतात, आणि वर पक्ष्यांची झुंबड उडालेली दिसली की मच्छीमार तिकडे वळतात. याउलट मच्छीमारांनी सोडलेल्या तरंगत्या तराफ्यांखाली जमणाऱ्या ट्यूनांची पोटं पुष्कळदा रिकामी निघतात. गर्दी आहे म्हणजे अन्न आहे, असं तिथे गृहीत धरू नये.

याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न असतो, "मग पाळून का वाढवत नाहीत?" ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनला समुद्रातून पकडलेले तरुण सदर्न ब्लूफिन पिंजऱ्यात ठेवून पोसतात, मुख्यतः सार्डिनवर. एक किलो ट्यूना वाढवायला दहा किलोंहून अधिक सार्डिन लागतात, कारण खाल्लेल्यातलं बरंचसं पोहण्यात आणि अंग गरम ठेवण्यात जळून जातं. म्हणून ट्यूना किती उरलेत, अशी चर्चा निघाली की मी आधी सार्डिन, अँकोव्ही आणि माकुलांचे साठे कसे आहेत ते विचारते.